महागडे विद्यापीठ, मोठे नाव आणि क्रमवारी : हिशेब कसा मांडावा

मॅनहॅटनच्या ग्रीनिच व्हिलेज भागात, वॉशिंग्टन स्क्वेअरच्या भोवती न्यूयॉर्क विद्यापीठाच्या इमारती पसरलेल्या आहेत. फी, राहणे, जेवण, आरोग्य विमा, पुस्तके आणि किरकोळ खर्च हे सारे धरले, तर या विद्यापीठात पदवीच्या एका वर्षाचा जाहीर खर्च आज ९० हजार डॉलरच्या पुढे जातो. तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर बरूक कॉलेज आहे. हे न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचे कॉलेज असून राज्यातील रहिवाशाला तेथे वर्षाची फी सुमारे ७ हजार डॉलर पडते. शहर तेच, भुयारी रेल्वे तीच, उन्हाळी इंटर्नशिप देणाऱ्या बँका आणि माध्यमसंस्थाही त्याच. मग एवढा फरक कशाचा, आणि तो मोजण्यासारखा आहे का, हा प्रश्न दरवर्षी हजारो कुटुंबांपुढे येतो. बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर क्रमवारीतला आकडा आणि नावाचा दबदबा पाहून दिले जाते. मला ही पद्धत घातक वाटते, कारण त्या आकड्याचा या विशिष्ट विद्यार्थ्याशी आणि त्याच्या कुटुंबाच्या खिशाशी फार थोडा संबंध असतो.

सुरुवात किमतीपासून करावी, कारण गोंधळाचे मूळ तिथेच आहे. अमेरिकेतील खासगी विद्यापीठे जी किंमत जाहीर करतात, ती सगळ्यांना भरावी लागत नाही. खासगी, ना-नफा विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरासरी सवलत अलीकडच्या वर्षांत जाहीर फीच्या निम्म्याहून अधिक झाली आहे. याचा अर्थ असा, की शेजारी शेजारी बसलेले तीन विद्यार्थी एकाच वर्गासाठी अगदी वेगवेगळी रक्कम भरत असतात. एकाला कुटुंबाच्या उत्पन्नामुळे मोठे अनुदान मिळालेले असते, दुसऱ्याला गुणवत्तेच्या नावाने शिष्यवृत्ती मिळालेली असते, आणि तिसरा पूर्ण रक्कम भरून या दोघांच्या सवलतीला हातभार लावत असतो. जाहीर किमतीतून परत न करावी लागणारी सारी मदत वजा केली, की जे उरते त्याला निव्वळ खर्च म्हणतात, आणि तुलना करायची ती याच आकड्याची. २००८ च्या कायद्यानुसार अमेरिकी सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणकयंत्र ठेवावे लागते. घरचे उत्पन्न आणि बचत त्यात भरली की अंदाज मिळतो. अर्ज करण्याआधीच हे करता येते, तरीही कित्येक कुटुंबे ते करत नाहीत आणि जाहीर किंमत पाहून एक तर घाबरून मागे फिरतात किंवा पुढचे पुढे पाहू म्हणून अर्ज करून मोकळी होतात.

या हिशेबाचा परिणाम उलटाही होऊ शकतो. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०२४ च्या शरद सत्रापासून असे धोरण लागू केले, की एक लाख डॉलरपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना पदवीची फी भरावी लागणार नाही. अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत महागडे समजले जाणारे हे विद्यापीठ एखाद्या मध्यम दर्जाच्या, पण मदत न देणाऱ्या कॉलेजपेक्षा स्वस्त ठरू शकते. खरी कोंडी होते ती त्याच्या वरच्या थरातील कुटुंबांची. मदत मिळण्याइतके उत्पन्न कमी नसते आणि पूर्ण रक्कम सहज भरण्याइतके ते जास्तही नसते. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कळली की वेगवेगळ्या नामवंत विद्यापीठांच्या वागण्यातला फरक उलगडतो. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा राखीव निधी ३४ अब्ज डॉलरहून अधिक असून तेथे विद्यार्थी आहेत साधारण ९ हजार. न्यूयॉर्क विद्यापीठाचा निधी सहा-साडेसहा अब्जांच्या घरात आहे आणि विद्यार्थी ५० हजारांहून जास्त आहेत. भागाकार केला, तर एकीकडे प्रत्येक विद्यार्थ्यामागे ३५ लाख डॉलरहून अधिक रक्कम बाजूला पडलेली आहे आणि दुसरीकडे सव्वा लाखाच्या आसपास. पहिल्या विद्यापीठाचा गाडा निधीच्या उत्पन्नावर बराच चालतो, दुसऱ्याचा मुख्यतः फीवर. महानगरातील अनेक मोठी खासगी विद्यापीठे दुसऱ्या प्रकारची आहेत. त्यांचे नाव मोठे असते, जागा जगातील सर्वांत महाग जमिनीवर असते, आणि मदत देण्याची ताकद मात्र नावाच्या मानाने कमी असते. म्हणूनच ‘प्रतिष्ठित विद्यापीठे भरपूर मदत देतात’ हे सरसकट विधान काही मोजक्या श्रीमंत संस्थांपुरतेच खरे आहे.

प्रवेश मिळाला, की मदतीचे पत्र येते. ते शांतपणे, हातात पेन घेऊन वाचायचे असते. समजा, वर्षाचा एकूण खर्च ९२ हजार डॉलर आहे. पत्रात चार ओळी आहेत : विद्यापीठाचे अनुदान ३८ हजार, विद्यार्थ्याचे सरकारी कर्ज ५,५००, कॅम्पसवरील कामाची सोय ३ हजार आणि पालकांचे सरकारी कर्ज २० हजार. खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते : एकूण मदत ६६,५०० डॉलर. वाचणाऱ्याला वाटते, आता फक्त २५,५०० भरायचे. प्रत्यक्षात यातली फुकट मिळालेली रक्कम एकच, ती ३८ हजारांची. कर्ज फेडायचे आहे, तेही व्याजासह, आणि कामाचे पैसे सेमिस्टरभर काम केल्यावर हातात येणार आहेत. म्हणजे निव्वळ खर्च आहे ५४ हजार डॉलर. हा प्रकार अपवादात्मक नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळले, की ९१ टक्के कॉलेजे आपल्या पत्रात निव्वळ खर्च एक तर देतच नाहीत किंवा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. कर्जाला मदत म्हणणे हे मला सरळ सरळ दिशाभूल करणारे वाटते. अठरा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी ही भाषा आधीच ओळखून वाचावी, ही अपेक्षाही अन्यायाची आहे.

पुढची चूक एका वर्षाच्या आकड्याला चाराने गुणण्याची होते. फी दरवर्षी वाढते. आज ९० हजार असलेला खर्च वर्षाला ४ टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या वर्षी तो ९३,६००, तिसऱ्या वर्षी सुमारे ९७,३०० आणि चौथ्या वर्षी १ लाख १ हजारांच्या वर जातो. चार वर्षांची बेरीज ३ लाख ६० हजार न होता ३ लाख ८२ हजार होते. वरचे २२ हजार कोणत्याही पत्रात लिहिलेले नसतात. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र बहुधा पहिल्या वर्षाचीच कायम राहते, त्यामुळे वाढीचा सारा भार कुटुंबावर येतो. शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी किती गुण लागतात आणि ती चारही वर्षे मिळणार का, हे लेखी विचारून घ्यावे.

कर्जाचे बोलायचे, तर पालकांवर अवलंबून असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळते ते मर्यादित : पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, त्यानंतर वर्षाला ७,५०० डॉलर. चार वर्षांचे मिळून २७ हजार झाले आणि व्याज साडेसहा टक्के धरले, तर दहा वर्षे महिन्याला सुमारे ३०७ डॉलरचा हप्ता येतो. बऱ्या पगाराच्या नोकरीत तो पेलण्यासारखा आहे. त्यावरची रक्कम लागली, की पालकांचे कर्ज किंवा खासगी कर्ज येते. पालकांना पूर्वी उरलेल्या संपूर्ण खर्चाइतके सरकारी कर्ज काढता येत असे. २०२५ च्या जुलैमध्ये मंजूर झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी त्यावर वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलरची मर्यादा घातली. बाकीची रक्कम खासगी बँकेकडून घ्यावी लागेल, आणि तेथे अटी कडक असतात. एक लाख डॉलर ८ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता १,२१३ डॉलर होतो आणि परतफेड १ लाख ४५ हजारांच्या पुढे जाते. पदवीनंतर त्याच महागड्या शहरात राहून, तेथील भाडे भरून, नुकत्याच लागलेल्या नोकरीतून हा हप्ता काढायचा आहे. शिवाय अमेरिकेत शिक्षणाचे कर्ज दिवाळखोरीतूनही सहजासहजी सुटत नाही. पालकांच्या नावावरचे कर्ज मुलगा फेडेल असे घरात ठरलेले असले, तरी कायद्याने ते पालकांचेच असते आणि पुष्कळदा निवृत्तीच्या वयापर्यंत चालते.

आता क्रमवारी. अमेरिकेत तिला आजचे महत्त्व आले ते ‘यूएस न्यूज’ या नियतकालिकाने १९८३ मध्ये पहिली यादी छापल्यानंतर. त्या वेळी ती जवळजवळ पूर्णपणे विद्यापीठप्रमुखांच्या मतांवर आधारलेली होती. आजही त्या क्रमवारीतील २० टक्के गुण इतर विद्यापीठांचे अध्यक्ष आणि अधिष्ठाते काय मत देतात यावर अवलंबून असतात. जे विद्यापीठ पूर्वीपासून नावाजलेले आहे, त्याला नावाजलेले म्हणून पुन्हा गुण मिळतात. याखेरीज प्रत्येक विद्यार्थ्यामागे संस्था किती खर्च करते आणि प्राध्यापकांचे पगार किती, यांनाही गुण आहेत. विद्यार्थ्यांच्या कर्जाला थोडे वजन दिलेले आहे, पण कुटुंबाला पडणारा निव्वळ खर्च हा मुख्य यादीचा निकष नाही. खर्च वाढवला तर गुण वाढतात आणि तो कोणाच्या खिशातून आला हे कोणी विचारत नाही. चांगल्या प्राध्यापकांना चांगला पगार मिळावा याबद्दल दुमत नाही, मात्र पैसे भरणाऱ्याच्या दृष्टीने या मोजपट्टीत एक मोठा आंधळा भाग आहे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये या क्रमवारीने आपले निकष बदलले. वर्गातील विद्यार्थिसंख्या, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि आणखी काही बाबी काढून टाकल्या, आणि कमी उत्पन्न गटातील विद्यार्थी पदवी पूर्ण करतात का याला जास्त वजन दिले. न्यूयॉर्क विद्यापीठ एका वर्षात २५ वरून ३५ वर गेले आणि न्यू ऑर्लिन्समधील ट्युलेन विद्यापीठ ४४ वरून ७३ वर. त्या उन्हाळ्यात या दोन्ही ठिकाणचे प्राध्यापक, ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि पदवीचे कागद जसेच्या तसे होते. पंचविसावा क्रमांक पाहून ज्या कुटुंबाने कर्ज काढले, त्याने नेमके काय विकत घेतले होते, हे त्या बदलाकडे पाहून ताडता येते.

जागतिक याद्यांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या शांघाय क्रमवारीत ३० टक्के गुण माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकांसाठी व गणितातील फील्ड्स पदकांसाठी असतात, आणि उरलेले बहुतांश संशोधनपर लेखांसाठी. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक यादीत दीर्घकाळ ४० टक्के वजन अभ्यासकांच्या मतांना होते, अलीकडे ते ३० टक्के केले आहे. संशोधनाची ताकद मोजण्यासाठी या याद्या उपयोगी आहेत. पीएचडी करणाऱ्याने त्या जरूर पाहाव्यात. पण पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तीनशे जणांच्या सभागृहात बसून अर्थशास्त्राची ओळख करून घेत असेल, तर त्याचा वर्ग कोण घेतो, त्याच्या निबंधावर कोण शेरे लिहितो, अडचण आली तर तो कोणाच्या दारात उभा राहू शकतो, यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर या याद्या देत नाहीत.

आकडे भरणाऱ्या संस्था कशा वागतात, हेही पाहायला हवे. वॉशिंग्टनमधील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१२ मध्ये कबूल केले, की शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत आलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण त्यांनी ७८ टक्के कळवले होते आणि खरे प्रमाण ५८ टक्के होते. त्या वर्षी त्यांना यादीतून वगळण्यात आले. फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेचा ऑनलाइन एमबीए पहिल्या क्रमांकावर नेण्यासाठी खोटी आकडेवारी दिल्याबद्दल तिच्या माजी अधिष्ठात्याला २०२१ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले आणि पुढच्या वर्षी १४ महिन्यांची कैद सुनावली. सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचे आहे, कारण तेथे चूक बाहेरच्या कोणी शोधली नाही. तेथीलच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या विद्यापीठाने पाठवलेल्या आकड्यांची उपलब्ध नोंदींशी पडताळणी करून ती प्रसिद्ध केली. पदवीचे ८२.५ टक्के वर्ग वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे आहेत असा विद्यापीठाचा दावा होता. विद्यापीठाने नंतर स्वतःच दिलेला आकडा ५७.१ टक्के निघाला. त्या सप्टेंबरमध्ये कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरले आणि २०२३ मध्ये त्याने पदवीच्या क्रमवारीला माहिती देणेच थांबवले. एका प्राध्यापकाने आपल्याच संस्थेच्या हिशेबाला हात घातला, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. कोलंबिया हे अठराव्या क्रमांकाच्या वर्षीही दुसऱ्या क्रमांकाच्या वर्षाइतकेच चांगले विद्यापीठ होते, हेही तितकेच खरे.

मग नावाचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि कोठे आहे व कोठे नाही हे बऱ्यापैकी अभ्यासले गेले आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक साधी पण नेमकी तुलना केली. ज्यांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केले आणि ज्यांना सारखेच प्रवेश मिळाले, अशा विद्यार्थ्यांपैकी काही जण नामवंत ठिकाणी गेले आणि काही कमी नामवंत ठिकाणी. पुढे त्यांच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. नामवंत कॉलेजांतून बाहेर पडणारे जास्त कमावतात, याचे मोठे कारण तेथे प्रवेश मिळवणारे विद्यार्थी मुळातच हुशार आणि जिद्दी असतात, असा याचा अर्थ होतो. अपवाद होता गरीब घरांतील विद्यार्थ्यांचा. आणि २०११ मध्ये पुढे आलेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचा. त्यांना नामवंत कॉलेजचा स्पष्ट फायदा झाला. ज्याच्या घरी ओळखीपाळखी नाहीत, त्याला विद्यापीठाचे नाव दार उघडून देते.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांच्या २०२३ च्या अभ्यासाने या चित्रात महत्त्वाची भर घातली. आयव्ही लीग या गटातील आठ जुनी, नामवंत विद्यापीठे आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारांची तुलना त्यांनी राज्यांच्या प्रमुख सार्वजनिक विद्यापीठांशी केली. सरासरी उत्पन्नात मोठा फरक आढळला नाही. मात्र उत्पन्नाच्या सर्वोच्च एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता निम्म्याने वाढली, नामांकित विद्यापीठात पुढचे शिक्षण घेण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली आणि प्रतिष्ठेच्या कंपन्यांत नोकरी मिळण्याची तिप्पट. ही आकडेवारी वाचून अनेक जण कोणत्याही महागड्या विद्यापीठासाठी कर्ज काढायला तयार होतात. पण हा निष्कर्ष त्या बारांपुरता आहे. न्यूयॉर्क, बॉस्टन, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस येथील इतर महागडी विद्यापीठे त्या यादीत नाहीत, आणि किंमत सारखी आहे म्हणून परिणामही सारखाच होईल असे धरून चालण्याला आधार नाही.

क्षेत्राक्षेत्रांतही मोठा फरक आहे. गुंतवणूक बँका, व्यवस्थापन सल्लागार कंपन्या आणि बड्या विधी संस्था ठराविक विद्यापीठांतूनच भरती करतात. तेथे नावाला रोख किंमत आहे. परिचारिका होण्यासाठी मात्र परवाना परीक्षा सर्वांना सारखीच असते, सनदी लेखापालाची परीक्षाही तशीच, आणि अभियांत्रिकीत अभ्यासक्रमाला मान्यता आहे का हे आधी पाहिले जाते. शाळाशिक्षकाचा पगार तर जिल्ह्याच्या वेतनश्रेणीवर ठरतो, तेथे पदवी कोणत्या रस्त्यावरच्या इमारतीत घेतली याला अर्थ उरत नाही. प्राध्यापकीत नावाला अतोनात महत्त्व आहे. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेतच पीएचडी झालेल्या तेथील प्राध्यापकांपैकी ८० टक्के जण केवळ एक पंचमांश विद्यापीठांतून आलेले आहेत, आणि दर आठांतील एक जण फक्त पाच विद्यापीठांतून : बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि स्टॅनफर्ड. या पाचांपैकी तीन सार्वजनिक आहेत. प्रतिष्ठा आणि जाहीर किंमत या दोन गोष्टी एकच नाहीत, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

विद्यापीठाच्या एकूण क्रमांकात विभागांचे भेदही बुजून जातात. न्यूयॉर्क विद्यापीठाची कुरांट संस्था गणितात जगातील आघाडीच्या संस्थांपैकी एक आहे. तेथील पीटर लॅक्स यांना २००५ मध्ये, श्रीनिवास वरदन यांना २००७ मध्ये, मिखाइल ग्रोमोव्ह यांना २००९ मध्ये आणि लुई नायरेनबर्ग यांना २०१५ मध्ये आबेल पारितोषिक हा गणितातील मोठा सन्मान मिळाला. गणितात पुढे जाऊ इच्छिणाऱ्यासाठी हा विभाग एकूण क्रमांकापेक्षा कितीतरी वरचा आहे. तेथील चित्रपट शाळा आणि व्यवस्थापन शाळा यांचेही आपापल्या क्षेत्रांत वजन आहे. पण त्याच विद्यापीठातून, तेवढेच पैसे भरून, अजून विषयच न ठरवलेल्या विद्यार्थ्याला हे वजन आपोआप मिळत नाही. तेव्हा तुलना विद्यापीठाची नको, अभ्यासक्रमाची हवी. अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या संकेतस्थळावर सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे विषयवार उत्पन्न आणि कर्ज पाहता येते. विद्यापीठ स्वतः जे ‘९५ टक्के विद्यार्थी नोकरीत’ असे छापते, त्यात किती जणांनी उत्तर दिले होते, पुढच्या शिक्षणाला गेलेले धरले आहेत का आणि अर्धवेळ काम मोजले आहे का, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

महानगराचा फायदा खरा आहे आणि तो कमी लेखू नये. सेमिस्टर चालू असताना आठवड्यातले दोन दिवस वृत्तपत्राच्या कार्यालयात, संग्रहालयात किंवा नाट्यगृहाच्या निर्मिती विभागात काम करता येणे ही लहान गावातील विद्यापीठाला न देता येणारी गोष्ट आहे. ज्या व्यवसायांत माणसे ओळखीने कामे देतात, तेथे चार वर्षे त्या शहरात असणे हेच शिक्षण ठरते. पण हा फायदा शहराचा आहे, आणि तो बरूकच्या विद्यार्थ्यालाही मिळतो. शिवाय अनेक इंटर्नशिपना पैसे मिळत नाहीत किंवा अगदी थोडे मिळतात. कर्जाच्या चिंतेने संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ती बिनपगारी इंटर्नशिप घेताच येत नाही. म्हणजे ज्या संधीसाठी जास्त पैसे भरले, ती त्याच पैशांच्या ओझ्यामुळे हातची जाते. शहरातील विद्यापीठांत बाहेर काम करणारे अनुभवी लोक अर्धवेळ शिकवतात, हा लाभ आहे. त्याची दुसरी बाजू २०२२ च्या नोव्हेंबरात ग्रीनिच व्हिलेजमधल्याच न्यू स्कूलमध्ये दिसली. तेथील शिक्षकांपैकी सुमारे ८७ टक्के अर्धवेळ होते आणि पगारासाठी ते संपावर गेले. भरमसाट फी भरल्यावर ती वर्गात शिकवणाऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमांबाबत तर अधिक सावध राहावे लागते. पदवीला प्रवेश देताना काटेकोर असणारी विद्यापीठे काही मास्टर्स अभ्यासक्रम प्रामुख्याने उत्पन्नासाठी चालवतात. नाव तेच असते, निवड आणि आर्थिक मदत तशी नसते. कोलंबियाच्या चित्रपट विषयातील पदव्युत्तर पदवीबद्दल २०२१ मध्ये जी आकडेवारी समोर आली, तीनुसार सरकारी कर्ज घेतलेल्यांचे मध्यक कर्ज (म्हणजे निम्म्यांचे याहून जास्त, निम्म्यांचे कमी) १ लाख ८१ हजार डॉलर होते आणि पदवीनंतर दोन वर्षांनी त्यांच्यापैकी निम्म्यांची वार्षिक कमाई ३० हजारांपेक्षा कमी होती. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याला अमेरिकी सरकारी मदत मिळत नाही, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टरमध्ये आठवड्याला २० तासच कॅम्पसवर काम करता येते. पदवीनंतर १२ महिने कामाची परवानगी असते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या गटात नोंदलेल्या अभ्यासक्रमाला आणखी २४ महिने मिळतात. म्हणून त्याच्या दृष्टीने अभ्यासक्रम सरकारी यादीत कोणत्या सांकेतिक क्रमांकाखाली नोंदलेला आहे, हे विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकापेक्षा अधिक मोलाचे ठरू शकते. क्रमांकाला कायदेशीर अर्थ असल्याची उदाहरणे थोडी आहेत. ब्रिटनने २०२२ मध्ये सुरू केलेला एक व्हिसा जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांच्या पदवीधरांनाच मिळतो. ज्याला त्या वाटेने जायचे आहे, त्याने ती यादी जरूर पाहावी.

हे सारे लक्षात घेतले, की निर्णयाचा प्रश्न आटोपशीर होतो. दोन विद्यापीठांचा चार वर्षांचा निव्वळ खर्च वाढीसह लिहून काढावा आणि वजाबाकी करावी. समजा, ती १ लाख ४० हजार डॉलर आली. आता या रकमेच्या बदल्यात महागड्या ठिकाणी जे मिळते आणि स्वस्त ठिकाणी मिळत नाही, ते नावानिशी लिहावे : अमुक विभाग, तमुक प्रयोगशाळा, या क्षेत्रात दरवर्षी भरतीला येणाऱ्या या कंपन्या. ओळी भरल्या आणि पैसे घरात असले, किंवा कर्ज विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगाराच्या आत राहत असेल, तर जाण्यात काही गैर नाही. कागदावर केवळ क्रमांक आणि ‘नाव मोठे आहे’ एवढेच उतरले, तर माझ्या मते तेवढ्यासाठी आईवडिलांची निवृत्ती गहाण टाकू नये.

ही वजाबाकी करायला दोन पत्रे हातात हवीत, आणि तिथेच बंधनकारक पूर्वप्रवेशाची योजना आड येते. या योजनेत विद्यार्थी नोव्हेंबरात किंवा जानेवारीत एकाच विद्यापीठाला शब्द देतो, प्रवेश मिळाल्यास बाकीचे अर्ज मागे घेतो आणि तुलनेचा हक्क गमावून बसतो. न्यूयॉर्क विद्यापीठासह बरीच महागडी विद्यापीठे अशा अर्जांतून आपल्या जागांचा मोठा भाग भरतात. पैशांचा प्रश्न नसलेल्यांना ही योजना सोयीची आहे. बाकीच्यांनी गणकयंत्रातला आकडा परवडत असेल तरच त्या वाटेला जावे. दिलेली मदत खरोखर अपुरी ठरली, तर शब्दातून सुटता येते, हे विद्यापीठांच्या नियमांतच असते. नेहमीच्या मार्गाने गेलेल्यांना १ मेपर्यंत मुदत असते. त्या आधीच्या आठवड्यांत मदत कार्यालयाला पत्र लिहून फेरविचार मागता येतो. नोकरी गेली, आजारपणाचा मोठा खर्च आला, धाकट्या भावंडाचेही कॉलेज सुरू झाले, अशी कारणे कागदपत्रांसह द्यावीत आणि दुसऱ्या तुल्यबळ विद्यापीठाचे पत्र सोबत जोडावे. किती रकमेत येणे शक्य होईल, तो आकडाही त्या पत्रात स्पष्ट लिहावा.